नडग्यांपुढच्या ढाली

...नाही, पण मला सांगा, थंडी वाजत होती माझ्या नडग्यांना, यात बायकोच्या गुडघ्यांचा संबंध येतो कुठे? आला ना पण! तुम्हाला सांगतो, वारा अडवायचे उपाय हजार जण सांगतात, पण अडवलेला वारा जाणार कुठे, हे एक जण सांगत नाही.

म्हणजे झालं असं, की दर रविवारी सकाळी मी आणि आमची ही मोटारसायकलवरून हिच्या आईकडे जातो, चाळीस किलोमीटर. आठवडाभर मी गोदामात आणि ही तिच्या शिलाईच्या दुकानात, घरी आल्यावर बोलणं काय, तर 'किल्ली कुठंय' आणि 'दिवा घालवा'. त्यामुळे रविवार म्हणजे जीव की प्राण. माझा तरी. आता यंदाच्या हिवाळ्यात माझ्या नडग्या अशा बधिर व्हायला लागल्या, की उतरल्यावर पाय जागेवर आहेत ना हे खाली बघून घ्यावं लागायचं. फायबरचं काम करणारा एक मिस्त्री आहे ओळखीचा, तो म्हणाला, "साहेब, लोअर फेअरिंग लावा." म्हणजे काय, तर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, नडग्यांच्या पुढे, फायबरच्या दोन ढाली. "वारा पायाला शिवला तर नाव बदला माझं." हा माणूस एरवी पाण्याच्या टाक्या बनवतो, पण बोलतो असा, की विमानं याला विचारून उडतात.

लावल्या. आणि काय सांगू, स्वर्ग हो! पुढून वारा बंद, आतून इंजिनाची ऊब, मी चाळीस किलोमीटर गुणगुणत गेलो. पोचल्यावर मागे बघतो तर ही उतरेचना. गुडघे आखडलेले. मला म्हणाली, आणि शांतपणे म्हणाली, म्हणजे बघा, "अहो, तुमच्या वाटणीचा वारासुद्धा आज मीच खाल्ला. पुढच्या रविवारपासून मी बसनं येईन."

बसनं. मग मी काय करू, एकटा ऊबदार पाय घेऊन हिच्या आईच्या दारात जाऊन उभा राहू?

मिस्त्री म्हणतो, "शक्यच नाही, वारा बाजूनं निघून जातो." अरे बाबा, निघून जातो म्हणजे अडवलेला वारा जाणार कुठे? मग हीच म्हणाली, दोरे लावून बघू, वारा कुठून कुठे जातो ते दिसेल तरी. लाल लोकरीचे बोटभर तुकडे कापले आणि चिकटपट्टीनं लावत सुटली, ढालींना, माझ्या पँटीला, स्वतःच्या पँटीला, बाहीलासुद्धा, आणि तिच्या भावाला स्कूटरवरून आमच्या शेजारून पळवला. मेहुण्याच्या तोंडाला टाळं म्हणून नाही. भर रस्त्यात ओरडतोय, "भाऊजी, तुमचे दोरे झोपलेत, ताईचे बघा कसे ताठ उभे आहेत!" सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली केली, आम्हाला नीट बघितलं, आणि काच परत वर केली.

मिस्त्रीनं मग ढालींच्या कडा बाहेर वळवल्या. झालं, वारा हिच्या गुडघ्यांवरून उठला तो गेला मानेत. त्यानं ढाली आत सरकवल्या, तर हिला बरं, पण गरम हवा आतल्या आत कोंडून माझ्या पोटऱ्या वांग्यासारख्या भाजायला लागल्या. शनिवारची संध्याकाळ झाली आणि हिनं बसचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. तेव्हा मात्र मी हात टेकले. म्हटलं, काढून टाकतो ढाली, दोघंही गारठू, पण एकत्र गारठू. खरंच म्हणालो असं, लाजायचं काय त्यात?

ही ढालींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काढायच्या कशाला? जागा छान आहे. मी बसते तिथं."

लग्नाआधी भावाची मोटारसायकल पिदडलेली बाई ती! लायसन आहे, हात साफ आहे, माझ्यापेक्षा वळणं सुरेख घेते. तेव्हापासून दर रविवारी ही पुढे, मी मागे. अडवलेला वारा जाणार कुठे, येतो माझ्या गुडघ्यांवर, येऊ दे. मी खूश आहे.

फक्त एक झालंय. मागे बसलेल्या माणसाचं बोलणं वारा मागच्या मागे घेऊन जातो, पुढच्याला शष्प ऐकू येत नाही. बावीस वर्षं ही मागून बोलायची आणि मी पुढून आपलं 'हो, हो' करायचो. आता ही पुढून बोलते, आणि तोच वारा एकेक शब्द आणून माझ्या कानात घालतो. निवृत्त झाल्यावर हिच्या दुकानात बसून काज-बटणं करायचं म्हणे मी सात वर्षांपूर्वी कबूल केलंय... आणि निवृत्त होतोय मी पुढच्या महिन्यात. परवा रस्त्यावरची नजर न काढता विचारते, "करणार ना?"

म्हटलं, हो. निदान या वेळी ऐकून म्हणालो.