बारा हजार वादळं

किनारा संरक्षण कचेरीबाहेरच्या बाकावर ती सहीसाठीची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी दीर-भावजय बोलत होते. ऐकू नये म्हणून तिने मोबाइल काढला. त्याने कान काही बंद होत नाहीत.

"भिंत मिळणार नाही, वहिनी. आपली वस्ती सुरक्षित आहे."

"कोण म्हणालं?"

"कॉम्प्युटर. त्याने आपल्या किनाऱ्यावर बारा हजार वादळं सोडून पाहिली, खोटी खोटी. पाणी एकदाही आपल्या पायरीला लागलं नाही."

"आणि तुमच्या दादाला घेऊन गेलं ते?"

"ते धरलेलं नाही."

"का? खरं होतं म्हणून?"

"त्याचे आकडे नाहीत. धक्क्यावरचं पाणी मोजायचं यंत्र त्याच दुपारी वाहून गेलं. तोवरची नोंद आहे. तोवर समुद्र म्हणे बरा होता."

"अहो, पण यंत्र वाहून गेलं हे तरी लिहिलंय का कुठे?"

"लिहिलंय ना. नव्या यंत्राच्या मागणीअर्जात."

"मग मी सांगते पाणी कुठवर आलं ते! दोन्ही पोरींना घेऊन माळ्यावर बसले होते मी. खालून पाय भिजत होते."

"सांगितलं मी. साहेब म्हणाले, वहिनींना आकड्यात कसं बसवायचं?"

"बारा हजारांत एक जागा नाही?"

शिपायाने दार उघडलं.

"कॉम्प्युटरवर वादळांचा नकाशा केलेल्या मॅडम कोण? साहेब सहीला थांबलेत."

ती उठली. वहिनींनी पाय जवळ घेऊन तिला वाट करून दिली.

"जा बाई तुम्ही आधी. आम्हाला कसली घाई? आम्ही सुरक्षित आहोत."