प्रश्न सातवा : कारण (एकच निवडा)

अधिकारी : सकाळचे सहा पंचावन्न. पुलाखाली ठेवलेला बॉम्ब उडाला नाही. पाच जण पकडले गेले, त्यातले तुम्ही एक. चार वर्षं संघटनेत होतात, तीन वर्षं शिक्षा भोगून आलात. फाइलमध्ये एवढंच आहे. आता प्रश्न सातवा. संघटनेत का गेलात?

धाकटा : म्हणजे त्याचं असं झालं, की मी तेव्हा—

ताई : भोळेपणा. लिहा मॅडम, भोळेपणा.

अधिकारी : भोळेपणाचा चौकोन नाही, ताई. विचारसरणी, सूड, पैसा, इतर. यातला एक.

ताई : पैसा कुठला! तिकडे जाताना डबा माझ्या हातचा न्यायचा. आणि सूड? याला पाल मारवत नाही. झाडूने तिला रस्ता दाखवत बसतो.

अधिकारी : मला त्यांच्या तोंडून हवंय.

ताई : मग विचारा की. मी कुठे धरलंय त्याचं तोंड?

धाकटा : मॅडम, हे कशासाठी असतं? आधी कळलं तर—

अधिकारी : नव्या धोरणासाठी. माणसं तिकडे का वळतात हे कळलं, तर वळायच्या आधी अडवता येईल. एकशे चाळीस जणांना विचारून झालं. एकशे एकतीस जणांनी विचारसरणीवर खूण केली.

धाकटा : तो पहिला चौकोन आहे.

अधिकारी : हो. ती शंका मलाही आहे.

ताई : मग आधीचं धोरण काय होतं?

अधिकारी : चौकाचौकात फलक लावले होते. ‘अतिरेकी होऊ नका.’

ताई : झाला फरक?

अधिकारी : फलक चोरीला गेले. पत्रा चांगला होता.

ताई : ऐका मॅडम, हे लवकर उरका. याला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी लागलीय. पण दर सोमवारी चौकीत हजेरी. कंपनी सोमवारी रजा देत नाही, म्हणे लिफ्ट सोमवारीच बंद पडतात. तुमचा हा कागद गेला की हजेरी सुटणार ना?

अधिकारी : चौकोन भरलेला असला तर येत्या सोमवारपासून. ‘इतर’वर खूण केली, तर अर्ज दुसऱ्या समितीकडे जातो.

ताई : ती किती दिवस घेते?

अधिकारी : ती अजून नेमलेली नाही.

ताई : धाकट्या, विचारसरणी म्हण आणि मोकळा हो.

धाकटा : पण मला त्यांची विचारसरणी कधी समजलीच नाही. पत्रकं मीच वाटायचो, पण—

ताई : याला स्वतःच्या औषधाची चिठ्ठी समजत नाही.

अधिकारी : ताई, एक विनंती. दहा मिनिटं.

ताई : काय दहा मिनिटं?

अधिकारी : बोलू नका.

ताई : माझ्याच घरात?

अधिकारी : तुमच्याच घरात.

ताई : बरं. ही बसले. हे तोंड मिटलं. बघा, एकदम मिटलं. आता काय—

अधिकारी : ताई.

(ताई पदर तोंडाशी धरते.)

अधिकारी : बोला तुम्ही. संघटनेत का गेलात?

धाकटा : टॉर्चसाठी.

अधिकारी : कसल्या टॉर्चसाठी?

धाकटा : गोदामात बैठक व्हायची. अंधारात. एकच टॉर्च. तो ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. उजेड स्वतःच्या तोंडावर धरायचा. त्याचं संपेपर्यंत दुसऱ्याने हूं की चूं करायचं नाही. प्रमुखांनीसुद्धा.

अधिकारी : आणि तुम्ही काय बोलायचात?

धाकटा : काहीही. पहिल्या दिवशी मी सायकलची चेन कशी बसवायची ते सांगितलं. वीस मिनिटं. सगळ्यांनी ऐकलं. मी चौतीस वर्षांचा आहे मॅडम, त्याआधी माझं एक वाक्य पुरं झाल्याचं मला आठवत नाही.

अधिकारी : म्हणून चार वर्षं राहिलात?

धाकटा : दर गुरुवारी पाळी यायची. मग पुलाचं ठरलं. मी टॉर्च घेतला आणि म्हटलं, सहा पंचावन्नला त्यावरून बस जाते, कामावरच्या बायका असतात. तेवढ्यात प्रमुखांनी माझ्या हातातून टॉर्च काढून घेतला. म्हणाले, पुरे. माझं अर्धंच झालं होतं.

अधिकारी : मग?

धाकटा : मग म्हणाले, बॉम्बला सेल लागेल, याच टॉर्चचा काढ. ते काम मला दिलं. मी घरी आलो. भिंतीवरचं घड्याळ महिनाभर बंद होतं. त्यातला संपलेला सेल काढला, टॉर्चमधला नवा घड्याळात घातला. संपलेला त्यांना दिला.

ताई : अगं बाई! ते घड्याळ! मी म्हटलं आपोआप कसं सुरू झालं! दिवसभर शेजारणींना बोलावून दाखवत होते!

अधिकारी : ताई, हे तुम्हाला तारखेसह आठवतं?

ताई : पोलीस आले त्याच्या आदल्या दिवशी. सकाळी उठले तर सुरू. वेळ चुकीची, पण सुरू.

अधिकारी : थांबा. म्हणजे बॉम्ब उडाला नाही, तो तुमच्यामुळे?

धाकटा : सेलमुळे.

अधिकारी : आणि तीन वर्षं तुरुंगात काढलीत, तरी ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही? कोर्टात का नाही सांगितलंत?

धाकटा : सुरुवात केली होती.

अधिकारी : वकिलांना?

धाकटा : त्यांनाही सुरुवात केली होती.

ताई : आणि मला? मला तरी सांगायचंस, मेल्या!

धाकटा : तुला तर रोज सुरुवात करतो, ताई.

अधिकारी : ऐका. आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत. विचारसरणीवर खूण करते, तुम्ही सही करता, सोमवारी लिफ्टवर जाता. नाहीतर तुम्ही आत्ता सांगितलंत ते शब्दन् शब्द लिहिते. मग प्रकरण उघडेल. ताईंची साक्ष होईल. ते चौघे सुटून आलेत, त्यांच्याही कानावर जाईल. हजेरी किती दिवस चालेल, मला सांगता येणार नाही.

धाकटा : आणि धोरण?

अधिकारी : धोरण विचारसरणीवर बेतलं तर पुन्हा फलक लागतील. या वेळी मोठे.

ताई : लिहा हो मॅडम, काय व्हायचं ते— नाही. नाही. तू बोल.

धाकटा : मला जरा विचार करू दे.

ताई : कर की. कोण घाई करतंय? मॅडम, मागे टेकून बसा. … झाला?

धाकटा : अजून नाही.