म्हशीला मागे ठेवून निघण्याची कथा

म्हशीपायी मोडलेल्या प्रवासाची कथा तुम्हीही ऐकली असेल. पलूसच्या पाठात माणसे स्टेशनवरून परततात, औंधच्या पाठात निघतच नाहीत. आमच्या कडेगावच्या घरचा पाठ निराळा आहे.

माझे थोरले बंधू निवृत्त सुभेदार. शनिवार-रविवारच्या सहलीसाठी त्यांनी सगळ्यांची स्लीपरची तिकिटे काढली. कोण कोणत्या बर्थवर झोपणार, तेही लिहून काढले.

"आन म्हशीची धार?" वहिनींनी विचारले. "माज्याबिगर ती कुणाला हात लावू देत न्हाई."

"मग तू ऱ्हा मागं."

"लगीन झाल्यापास्नं मागंच ऱ्हायलीया. आवं, ती मला न्हाई, माज्या लुगड्याच्या वासाला वळखती. तुमी नेसा!"

शनिवारी पहाटे वहिनी आमच्यासोबत गाडीत खालच्या बर्थवर झोपल्या होत्या, आणि सुभेदार लुगडे नेसून गोठ्यात धार काढत होते.