ठमीची तिसरी भाडेकरू

हॅलो?... हां, बोल ठमे... अगं हळू, हळू! ताईला आधी दम तरी खाऊ दे, आत्ता जिना चढून आलेय... कोण घर सोडून चाललं? नर्सबाई? चारच महिने झाले ना तिला येऊन?

म्हणजे दीड वर्षात तिसरी... रडू नकोस. अगं ऐक ना... हो, हो. घर रिकामं पडलं तर हप्ता कुठून भरायचा, आणि नाही भरला तर विकावं लागेल. कळलं गं. बावीस वर्षं शिलाई मशीन चालवून घेतलंस ते, असं जाऊ देईन का मी?

काय? दोन हजार जास्त देणारा मिळालाय?... करतो काय तो?... माहीत नाही. आधीच्या घरमालकाला फोन केलास?... तोही नाही. ठमे, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. महिनाभर कुलूप राहिलं की तुझ्या त्या दोन हजारांचं काय होणार?... हं. माझी दोन घरं कशी चालतात? भाडं जरा कमी, माणूस पारखून घ्यायचा, नळ गळला की दोन दिवसांत प्लंबर. आणि तीन हप्त्यांचे पैसे कायम बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. संपली माझी अक्कल. एवढ्यावर माझा एक भाडेकरू, तो मास्तर, नऊ वर्षं टिकलाय.

पण ती जातेय कशासाठी?... ‘असंच’? असंच कोणी बिऱ्हाड हलवत नाही, बाई... तू? तू कसला त्रास देणार... दर रविवारी जातेस? कशाला?... पडद्यांना इस्त्री करायला?

ती असते तेव्हा घरी?... ड्यूटीवर. मग तू आत कशी...

ठमे. दुसरी किल्ली ठेवलीस तू.

अगं, इथंच तर घोडं पेंड खातंय! भाड्यानं दिलं की ते तिचं घर... हो, पडदे तू शिवलेस, मान्य... ओटाही पुसतेस? डबे नीट लावतेस? मी तुझ्या कपाटात हात घातला तर चालेल?... बघ, लगेच चिडलीस!

कळतं गं मला. पहिल्यांदा काहीतरी तुझ्या एकटीच्या नावावर झालंय, जीव अडकणारच. मला फार अभिमान आहे तुझा... कधी बोलले नाही? मग आता बोलतेय ना!

थांब. मागे पाणी कसलं वाजतंय?... कुठून बोलतेयस तू?

ठमे!

नळ बंद कर आणि नीघ... राहू दे ती भांडी, नीघ आधी!... काय? दार उघडलं? तीच?... आता पळून काय उपयोग. सरळ माफी माग. आणि किल्ली दे तिच्या हातात... हो, आत्ता. मी आहे फोनवर.

...

हॅलो?... दिलीस?... शाबास गं माझी बाय. काय म्हणाली?... किल्ली पर्समध्ये टाकली?... बोलू दे तिला. तू गप्प राहा, जमेल तेवढं.

...

हां, सांग... रागावली? रागावणारच, तिचं बरोबर आहे... आणि?... काय म्हणाली शेवटी? पुन्हा सांग... ‘पुढच्या वेळी बेल वाजवून या’?

अगं वेडे, मग रडतेस कशाला? राहतेय ती! जाणारं माणूस पुढच्या वेळचं बोलत नाही. ठेव फोन, बस तिच्याजवळ जरा.