तिसऱ्या माळ्याचं भाडं

माहा जन्म उमरेडकडच्या एका खेड्यातला, पण गाव काई मले आठवत नाई, मी दीड-दोन वर्षांचा असतानाच माहा बाप नागपूरले आला अन् खसच्या ताट्या बांधाच्या कामाले लागला, म्हून मी नागपूरचाच समजा. आता खसची ताटी म्हणजे काय हे तुमाले सांगाव लागते का जी, पण तुमी लिहून राहिले तं सांगतो, बाहेरगावचे लोकं वाचतीन. बांबूच्या कमच्यांची चौकट कराची, त्याच्यात वाळ्याच्या मुळ्या भराच्या, सुतळीनं कसून बांधाच्या, अन् ते ताटी खिडकीले लावून बाहेरून पाणी मारत राहाचं. आपल्या इथं मे महिन्यात हवा कशी चालते तुमाले ठाऊक आहे, तोंड भाजते, पण तेच हवा ताटीतून आत गेली का थंडगार, वासाची. माहा बाप मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर ताट्या बांधे अन् मंग तिथंच अडीच-तीन महिने झारीनं पाणी मारे, तो बाहेर उन्हात अन् आत साहेब झोपलेला. आमच्या स्वतःच्या खोलीले टिनाचं छप्पर होतं अन् ताटी-बिटी काई नव्हती.

तुमी भाड्याचं विचारलं, ते येतो ना मी, त्याच्यावरच येतो. पण आधी हे सांगाव लागते का मी बापाच्या पुढं गेलो. कूलर आले. पत्र्याचा डब्बा, तीन बाजूनं जाळी, जाळीत खस नाई तं लाकडाचा कीस, वरतून पाणी अन् मधात पंखा. धरमपेठेत, सिव्हिल लाइनीत जो तो कूलर मागे, अन् माह्यासारखा कूलर कोणी बनवत नव्हतं, हे मी नाई म्हणत, लोकं म्हणत. आमचा सीझन होळीपासून तं मिरगापर्यंत, तेवढ्यात जे कमवाचं ते कमवाचं, मंग पावसाळाभर जुन्या ताट्या उसवा, जाळ्या रंगवा, असंच चाले.

लग्न झालं तं सुमन आली, कामठीकडची. वस्तीत आमच्या खोलीचं भाडं बारा रुपये होतं अन् नळ एकच, पार कोपऱ्यावर, चाळीसेक घरांचा. डोक्यावर गुंड, कमरेवर कळशी, अशा सकाळच्या तिच्या सात-आठ खेपा होत. पहिल्या वेळी दिवस गेले अन् तिसऱ्या महिन्यात गेलं. वर्षानं पुन्हा तसंच, तवा तं पाचवा लागला होता. मी तुमाले काय सांगू, मी रडलो नाई तिच्यासमोर, पण सायकल घेऊन तलावावर गेलो अन् तिथं रडलो. डॉक्टरीनबाई म्हणे, हिच्या हातून वजन उचलणं बंद करा, नाई तं तिसऱ्या वेळी माह्याकडे येऊ नका. मी त्याच दिवशी ठरवलं का ज्या घरात नळ आहे तेच घर घ्याचं, मग भाडं काई असो.

घर पाहाले मी निघालो दसऱ्यानंतर, कारण आमाले फुरसत तवाच. पहिले महाल भागात गेलो, जुन्या नागपुरात. तिथं खोल्या होत्या, नळई होते, पण मालक पहिले आडनाव विचारे. सांगितलं का खोली कालच गेली म्हणे. एकानं तं कुलूप उघडून दाखवली होती, आडनाव आयकलं अन् तसंच लावलं परत. आमची बुद्धाची दीक्षा होऊन इतके वर्षं झाले, बापानं घरचे देव केव्हाच काढले, पण महालातल्या खोल्यांले ते कळलं नव्हतं. मंग कोणी सांगितलं धरमपेठेत नवी बिल्डिंग झाली म्हणे, मालक ठेकेदार आहे. गेलो. माळे तीन, एका माळ्यावर एकच बिऱ्हाड, खाली त्याचं सिमेंटचं गोडाऊन. तो म्हणे एकशे चाळीस रुपये महिना, तीन महिन्यांचं आधी, पटत असंन तं घ्या. मी म्हटलं, आडनाव? तो म्हणे, पावतीवर लिहू ना, घाई काय आहे.

एकशे चाळीस! त्या टायमाले! बाप चिडला ना जी. म्हणे येडा झाला काय गा तू, दोन वर्षांचं भाडं जमवलं तं वस्तीत विटांची खोली उभी होते, तू त्या ठेकेदाराचं घर भरून राहिला, तुले काय मिळन, पावती? माहा लहान भाऊई तेच म्हणे. अन् हिशोबानं ते खरं होतं, मी आजई खोटं नाई म्हणत. पण माह्या डोक्यात तो नळ बसला होता.

आता माही अक्कल पाहा. तिसरा माळा रिकामा होता कारण त्याची मोठी खिडकी पश्चिमेले, सगळं ऊन घरात. दुसरे लोकं पाहून पाहून गेले होते. अन् मी काय केलं, खिडकी पाहून खूश! म्हटलं वा, अशी पश्चिमेची खिडकी असंन तं ताटी काय मस्त चालन, सरळ हवा. मंग नळ सोडून पाहिला, दणदण पाणी. दिवाळीच्या तोंडावर कोणत्याई नळाले पाणी येते जी! उन्हाळ्यावर पोट भरणारा माणूस मी, अन् घर पाहिलं थंडीत. मेमध्ये पाणी किती येते हे विचाराचं मले सुचलंच नाई.

राहाले गेलो. सुमन पहिले आठ दिवस नळाजवळूनच हालत नव्हती, सोडे, बंद करे, सोडे. अवं पाणी संपन, मी म्हणो, तं हसे. संडास घरात, मोरी घरात, अन् दार लावलं का आपलं दार. पहिल्या माळ्यावर पाठककाकू होत्या, त्यांचे मिस्टर ऑफिसात अन् सासू म्हातारी, अंथरुणावर. दुसऱ्यावर रेल्वेतले एक साहेब अन् त्यांची बायको. बोलणं जेवढ्यास तेवढं, जिन्यात भेटलं का कसं काय, बस. कोणी वाईट बोल्लं नाई अन् कोणी आतई बोलावलं नाई. पौषात सुमनले पुन्हा दिवस गेले.

होळी झाली, सीझन सुरू झाला, अन् पाठककाकू मले म्हणाल्या, तुम्ही कूलर करता म्हणे, सासूबाईंसाठी एक करून द्या. मले इतका आनंद झाला का काय सांगू, आपल्याच बिल्डिंगीत आपलं काम. मोठा बनवला, दोन कूलरचं पाणी एकटा पेईन असा. तो पाहून रेल्वेवाल्या साहेबांनं तसाच सांगितला. दोघांनंई खाली रबरी नळी लावून दिली, सरळ नळातून पाणी, भराची कटकट नाई. मले वाटलं शेजाऱ्यांत माही इज्जत झाली. घरी मात्र आमच्या ताटीच, कारागिराच्या घरी सीझनात काय उरते.

अन् बिल्डिंगीत पाण्याची टाकी एकच होती, छतावर. सकाळी मोटर लावून भरत, दिवसभर तेच पाणी. दोन कूलर चालू झाले, रबरी नळ्या अर्ध्या सोडून लोकं विसरून जात, पाणी भरून वाहे. दहा वाजता टाकी तळाले, अन् तळाले गेली का वरच्या माळ्याचं पाणी पहिले बंद. हे मले ठाऊकच नाई! मी पहाटे निघून जाये, दिवे लागल्यावर येये, घरी बादल्या भरलेल्या, माठ भरलेला. मी विचारो, पाणी बरोबर आहे ना वं? हाव, म्हणे, काई तकलीफ नाई.

एक दिवस भर दुपारी एका गिऱ्हाइकाच्या कूलरचा पंप जळला, घरी एक ठेवला होता, तो घ्याले मी आलो. नवतपा लागलेला, मे अखेरचे ते नऊ आगीचे दिवस, रस्त्यावर कुत्रं नाई. जिना चढून राहिलो तं दुसऱ्या माळ्याच्या वळणावर सुमन बसलेली. पायरीवर, भिंतीले टेकून, तोंड लालबुंद, अन् बाजूले चरवी, पाण्यानं भरलेली. लहान चरवी, दूध ठेवाची. सहावा महिना सरून राहिला होता तिचा. मी म्हटलं हे काय आहे. मले आधी समजेना, मंग समजलं, अंगणात जो नळ होता बांधकामाचा, त्याले बारीक धार येये, तिथून ते पाणी आणून राहिली होती. डॉक्टरीनबाईनं वजन उचलू नको म्हटलं म्हून लहान चरवीनं आणे. रोज वीस-वीस खेपा, तीन माळे, अन् ते दुपारी, कारण दुपारी सगळ्यांचे दारं बंद असतात अन् कोणाले दिसत नाई.

माहं डोस्कंच फिरलं जी. मी ओरडलो, मराचं आहे का तुले, हेच कराचं होतं तं वस्ती काय वाईट होती, तिथं जिना तं नव्हता! सांगितलं काहून नाई मले? तं ती म्हणे, सांगितलं असतं तं तुमी परत नेसान म्हून नाई सांगितलं. मले इथून जायचं नाई. मी म्हटलं, अवं पहिल्या माळ्यावर पाणी आहे, दुसऱ्यावर आहे, दार वाजवून दोन बादल्या मागता येत नव्हत्या? तिनं माह्याकडे पाहिलं अन् म्हणे, त्यायनं नाई म्हटलं असतं तं? मंग मी इथं कशी राहिली असती?

तिची माय, माही माय, विहिरीवर लांब उभं राहून आयुष्य काढलेल्या बायका. कोणी वरतून ओतलं तं पाणी, नाई तं बसा. तेवढ्यात मले वरतून पाणी टपकाचा आवाज आला, पाहिलं तं रेल्वेवाल्या साहेबांच्या गॅलरीत माहा कूलर भरून वाहून राहिला होता. माह्या हातानं ठोकलेला. मले तोंडात मारल्यासारखं झालं.

तिले वर नेऊन झोपवलं अन् मी तसाच खाली गेलो, पाठककाकूंचं दार वाजवलं. म्हटलं काकू, तुमचे पैसे परत घ्या, मी कूलर काढून नेतो, माही बायको तिसऱ्या माळ्यावर चरवीनं पाणी नेऊन राहिली पोटुशी असून. काकूंचं तोंड उतरलं. खोटं बोलता आलं असतं त्यायले, पण त्या म्हणाल्या, मला दिसायची ती रोज, खिडकीतून. मला वाटायचं, मागेल तर देऊ. मी म्हटलं, काकू, ते मागणार नाई. मरन पण मागणार नाई. आतून म्हातारी विचारून राहिली होती कोण आहे गं, अन् तिच्या अंगावर माह्याच कूलरची हवा. त्या म्हातारीले उन्हात टाकून मी कूलर कसा नेऊ? आला राग कुठं काढाचा तेच समजेना.

मंग मी केलं ते बापाचं काम. गिऱ्हाईक सोडलं, दोन दिवस घरीच राहिलो अन् दोन्ही माळ्यांवरचे कूलर काढून खिडक्यांले ताट्या बांधल्या, फुकट. वर भोकं पाडलेला टिनाचा डब्बा, त्यातून थेंब थेंब, दिवसभराले दोन बादल्या पुरे. टाकीत संध्याकाळपर्यंत पाणी राहाले लागलं. पण मले जे सांगाचं ते हे नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या नळाले पाणी असताना, पाठककाकू स्वतः एक कळशी भरून तीन माळे नाई पण दोन माळे चढून आल्या, दम लागलेला, सरळ आमच्या स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या अन् चुलीजवळ कळशी ठेवली अन् म्हणे, सुमन, चहा टाक गं, माझ्या पाण्याचा टाक, तू मागायची वाट नाही पाहणार मी आता. सुमननं चहा टाकला अन् कप पुढं केला. काकूंनं आमच्याच कपातून चहा पूर्ण पेला.

पोरगी झाली, भादव्यात, पूर्ण दिवसांची, साडेसहा पौंड. बाप पाहाले आला. पुढच्या उन्हाळ्यात चार दिवस राहाले आला तं खिडकीजवळ खाट टाकून बसला, ताटीची हवा अंगावर घेत, अन् म्हणे, आतून असं लागते होय रे, मले ठाऊकच नव्हतं. साठी झाली होती त्याची तवा.

आता तुमी विचारता भाडं परवडलं का. नाई परवडलं, पैशानं म्हणसान तं नाई. आज साडेतीनशे झालं, मालक म्हणते विकत घ्या नाई तं सोडा, अन् विकत घ्याची माही ऐपत नाई. माह्या भावानं तेवढ्याच पैशात वस्तीत दोन माळ्यांचं पक्कं घर बांधलं, नळई घरात घेतला, अन् माह्याजवळ खरंच पावत्याच आहे. बाप बोल्ला ते खोटं नव्हतं. सोडाव लागलं तं सोडू, भाऊ एक खोली देतो म्हणते, त्याचं भलं होवो.

पण आमची पोरगी आता बारा-तेराची आहे. शाळेतून उन्हातून येते अन् वर चढाचा कंटाळा करते, मंग पहिल्याच माळ्यावर पाठककाकूंच्या घरात घुसते, स्वयंपाकघरात जाते, माठात पेला बुचकळते, उभ्यानं पेते अन् दप्तर तिथंच टाकून येते. विचारत नाई, काकूंले नाई अन् कोणालेच नाई. मी एक दिवस म्हटलं, अवं विचाराव लागते पोरी, दुसऱ्याचं घर आहे. तं मले म्हणे, पाण्याले काय विचाराचं बाबा? अन् सुमन तिले बोलवाले जाते ना खाली, ते अजूनई उंबऱ्याच्या बाहेर उभी राह्यते, अन् काकू ये म्हणल्याशिवाय आत पाय ठेवत नाई.