आमच्या अक्रोडाखालची लढाई

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अग्निशमन दलाचे प्रमुख सिल्वोकाका, वारसा खात्याकडून एवढा घाट चढून आलेल्या ब्रेडाबाई, ज्यांच्यासाठी आज हा हॉल दोनदा पुसला ते सत्कारमूर्ती लुडविककाका, त्यांना सोचा नदीच्या काठाकाठानं फिरवणारे ड्रायव्हर वाल्तरकाका, खानावळीच्या मिलोयका काकू, समोर बसलेले आणि मागे दारूच्या टेबलाजवळ उभे राहिलेले सगळे गावकरी, तुम्हाला सगळ्यांना माझा नमस्कार.

आज खरं तर आमच्या घरातून बाबा बोलणार होते. दुपारी त्यांनी आईला भाषण म्हणून दाखवलं. आई म्हणाली, यात शिव्या जास्त आहेत, तेयाला पाठवा. म्हणून मी आले. मला माणसांपुढे बोलायची सवय नाही, मी गाईंशी बोलते. त्यांच्या गळ्यात घंटा असते, पण वेळ संपली म्हणून त्या कधी वाजवत नाहीत. सिल्वोकाका, तुम्ही पण वाजवू नका.

तर लुडविककाका. आपल्या दरीत पहिल्या महायुद्धात किती माणसं मेली ते पुस्तकात असेल. पण ती कशी मेली हे ऐकायचं तर लुडविककाकांकडूनच. मी जन्मायच्या आधीपासून ते बसमधून लोकांना रणांगण दाखवतायत, आणि आज निवृत्त होतायत. त्यांच्या गोष्टीतला कॅप्टन शेवटची गोळी झाडतो तिथे ते आवाज असा खाली आणतात, की आमची कोंबडी पण गप्प होते. दुसऱ्या कुणाला जमेल का हे?

आणि तो कॅप्टन! इटलीची बस आली की कॅप्टन इटालियन असतो. हंगेरीची आली की हंगेरियन. व्हिएन्नाच्या लोकांसाठी तो व्हिएन्नाचा, आणि त्याला तिथलं एक कॉफीचं दुकान पण आठवतं मरताना. एकदा स्वित्झर्लंडची बस आली. ते लोक तर त्या लढाईत नव्हतेच. आता काय करणार? त्या दिवशी कॅप्टनची आजी स्विस निघाली. असा मनाचा मोठेपणा कुठे बघायला मिळतो? पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही हे आम्ही काकांकडून शिकलो.

कॅप्टन बदलतो, पण एक गोष्ट बदलत नाही. आमच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड. त्याला टेकून कॅप्टन मेला. हे झाड माझ्या आजोबांनी लावलं, आत्याचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी. आत्या तिथे दुसऱ्या रांगेत बसलीय. तिचं वय विचारू नका, पण पहिल्या महायुद्धात ती नव्हती एवढं मी खात्रीनं सांगते.

हसताय ना? हसा. हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त ब्रेडाबाईंना माहीत नव्हतं, म्हणून त्या हसत नाहीयेत.

बाई, ही लढाई आमच्या अंगणात कशी आली ते मी सांगते, म्हणजे काकांच्या कामाचं कौतुक पूर्ण होईल. आधी काका लोकांना वर न्यायचे, वरच्या कुरणात, खडकातल्या गुहेपाशी. लढाई तिथे झाली. पण तिथे बस वळत नाही. एकदा पाऊस लागला आणि वाल्तरकाकांना सगळा घाट उलटी बस चालवत उतरावा लागला. आतले लोक देवाचं नाव घेत होते, काही जण पिशवीत तोंड घालून बसले होते. आमच्या अंगणात आल्यावर बस वळली. वाल्तरकाका खाली उतरले, सिगारेट पेटवली आणि म्हणाले, "लुडविक, मी परत वर जाणार नाही. तुझी लढाई खाली आण."

काकांनी आणली.

आईनं त्या लोकांना कॉफी दिली. काका अक्रोडाखाली उभे राहून बोलले आणि एक म्हातारी बाई झाडाला हात लावून रडली. तिचे वडील या दरीतून परत आले नव्हते. आता रडणाऱ्या बाईला कोण सांगणार, की आजी, जागा चुकली? मी पण नसतं सांगितलं. पण पुढच्या आठवड्यात दुसरी बस आली, मग तिसरी. मिलोयका काकूंनी खानावळीत कॅप्टनचा रस्सा सुरू केला. अग्निशमन दलाला देणग्यांतून नवा पंप मिळाला, हाच तो, खिडकीतून दिसतो. आमच्या आईनं त्या झाडाखाली चीज विकलं. कुणीच उपाशी राहिलं नाही. फक्त वर गुहेपाशी कुणी जाईना.

मग झाडाजवळ दगड बसवला, पाटी लागली. पाटीवर लिहिलंय की ही पवित्र भूमी आहे, इथे खणायचं नाही, बांधायचं नाही. आम्हाला अभिमानच वाटला. मग जनावरांचे तपासनीस आले आणि म्हणाले, तुमचा गोठा लहान आहे, वाढवा, नाहीतर गाई ठेवता येणार नाहीत. गोठ्याच्या एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा. वाढवायचा तर अक्रोडाकडे. माझ्या भावानं, येर्नेयनं, वारसा खात्याकडे परवानगी मागितली. उत्तर आलं की तिथे कॅप्टन मेलाय.

गुरांचा व्यापारी सेंट मार्टिनच्या सणाला, म्हणजे दीड आठवड्यानं, आमच्या गाई न्यायला येणार आहे. येर्नेयनं ऑस्ट्रियात एका कारखान्यात नोकरीसाठी बोलून ठेवलंय. तो तिकडे खांबाजवळ बसलाय, बूट बघतोय. गाई त्याच्या हाताखाली वाढल्या. तो गेला तर त्यांना निरोप द्यायला असा समारंभ होणार नाही.

येर्नेय गेल्या आठवड्यात काकांकडे गेला होता. त्यानं एवढंच मागितलं की वारसा खात्याला खरी जागा सांगा. काकांनी त्याला बसवलं, स्वतःच्या हातानं ग्लास भरला आणि म्हणाले, "पोरा, जन्मभर जे सांगितलं ते जाता जाता कसं फिरवू? लोक मला काय म्हणून आठवतील?"

येर्नेयनं ग्लास तसाच ठेवला आणि दूध काढायला घरी आला. त्या रात्री बाबांनी ते शिव्यांचं भाषण तयार केलं.

काका, पाणी प्या. माझं थोडंच राहिलंय.

उद्या सर्व संतांचा दिवस. उद्या सगळं गाव कबरींवर लाल काचेतल्या मेणबत्त्या लावणार. आपल्या माणसांच्या, आणि ज्यांचं कुणी नाही त्या शिपायांच्या पण. मेणबत्तीच्या बाबतीत आपल्याकडे कुणी थापा मारत नाही. जिथे कुणी झोपलेलं नाही तिथे ती कुणी लावत नाही. दर वर्षी त्या दिवशी मी संध्याकाळी वरच्या कुरणातून शेळ्या खाली आणते. दर वर्षी गुहेपाशी एक लाल उजेड असतो. एकच. आणि काठी टेकत उतरणारा माणूसही मी दर वर्षी बघते. तो मला बघत नाही, मी शेळ्यांच्या मागे थांबते.

लुडविककाका, अक्रोडाखाली तुम्ही एकदा तरी मेणबत्ती लावलीत का?

वर पाटी नाही. कमरेएवढं खाजरं गवत वाढलंय. येर्नेय गवत कापतो तेव्हा विळ्याला कधी शिरस्त्राण लागतं. ते कुणाच्या बाजूचं ते कळत नाही, गंज सगळ्यांचा सारखाच. त्यांच्यासाठी कुणी रडत नाही, कारण तिथे बस वळत नाही. तुम्ही मात्र जाता. आम्ही तुम्हाला आठवणार, तर त्यासाठीच आठवू. कॅप्टनसाठी नाही.

गावातर्फे तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ मिळणार आहे, आणि ते फार सुंदर आहे. आमच्या घरातर्फे एक मेणबत्ती आणि एक जोडी गमबूट. माप वाल्तरकाकांनी सांगितलं. ब्रेडाबाई, तुमच्यासाठी माझ्या आईचे आणलेत, थोडे सैल होतील. उद्या संध्याकाळी तुम्ही काकांबरोबर जा. काका, तुम्हाला एक शब्द बोलायला नको. काही फिरवायला नको. दर वर्षी लावता तिथे मेणबत्ती लावा, बाईंना डोळे आहेत.

आणि तुम्हाला वाटलं की नाही, आमच्या अक्रोडाखालीच लावायची, तर तिथे लावा. मी काडी पेटवून देईन, बाबा टोपी काढतील, आणि आमच्या घरातलं कुणी परत हा विषय काढणार नाही.

बूट टेबलाखाली आहेत. सिल्वोकाकांनी घंटेला हात लावला नाही म्हणून त्यांचे आभार. मिलोयका काकूंचे रश्श्यासाठी, तुमचे ऐकलंत म्हणून. बोलताना काही शब्द चुकले असतील, कुणाचं नाव राहिलं असेल, मोठ्यांपुढे आवाज वर गेला असेल तर पदरात घ्या. जागा मात्र मी चुकवलेली नाही.