आज्ज्याचे सात परस

आमचं घराणं उंच माणसांचं. चऱ्होलीत आमच्या घरी उंबऱ्याला कुणी ठेच खायचं न्हाई, वरच्या चौकटीला कपाळ आपटायचं, आणि माझा आज्जा म्हादू, तो तर अंगणातनंच वाकत यायचा. काय सांगू तुम्हाला ताई, इंद्रायणीला पूर आला तवा ह्या बाबानं मधोमध उभं राहून शेळ्या एकेका हातानं उचलून पलीकडं ठेवल्या आणि त्यातल्याच एकीचं दूध पिऊन बाहेर आला. हसताय? हसा. सगळं गाव हसतं. मी शेराला पायली सांगणारा माणूस, बबनअण्णा बोलाय लागला की लोक आधीच निम्मं वजा करतात. पण आज जे सांगतोय त्यातलं वजा काय करायचं ते माझं मलाच कळंना झालंय, म्हणून म्हणलं, तुमी लिहून घ्या.

तर आमच्या रानाशेजारची विहीर. त्या काळी कापड हातावर मोजायचे, जोंधळा पायलीवर आणि विहीर परसावर. परस म्हंजे नुसती माणसाची उंची न्हवं बरं का. माणूस ताठ उभा करायचा, दोन्ही हात वर, आणि टाचेपासनं बोटांच्या शेंड्यापर्यंत एक परस. खोदता खोदता माणूस खाली उतरवायचा, त्याची बोटं काठाबरोबर आली की एक परस झाला, टाचेपाशी दगडावर छिन्नीनं खूण, मग त्या खुणेपासनं खाली दुसरा. खोदणाऱ्यांना मजुरी परसावर. आता आमच्या पाटलाची अक्कल बघा, त्यानं मापाला उभं केलं माझ्या आज्ज्याला! खोदणारे रडकुंडीला आले, अहो पाटील, माणूस उभा करा, ताडाचं झाड काय उभं करताय, दुसऱ्या गावात ह्याच्या एका परसात आमचे दोन झाले असते. पाटील मिशीत हसतोय. सातव्या परसाला पाणी लागलं तवा त्यांचा म्होरक्या वर आला, हातपाय धुतले आणि आज्ज्याला म्हणला, म्हादबा, तुझ्या अंगानं मोजलीय, तुझ्याच अंगानं भरंल ती.

आज्जा हसला. पण त्या दिवसापासनं त्या विहिरीचं पाणी त्यानं तोंडाला लावलं न्हाई, नदीवरनं घागर आणून प्यायचा. हे माझी आज्जी सांगायची, आणि आज्जी माझ्यासारखी नव्हती, मीठ घालावं तसं मोजून बोलायची.

मी पुढं चाकणला कंपनीत लागलो, ग्राइंडिंगच्या मशिनवर. तिथं सगळा कारभार मायक्रॉनचा. सुपरवायझर यायचा, अण्णा, जॉब दोन मायक्रॉन जास्त गेला. मी म्हणायचो, साहेब, दोन मायक्रॉन म्हंजे आमच्याकडं डासाच्या मिशीवरचं दव, ते कशाला पुसायला लावता. पण कंपनीचं एक बरं असतं राव, तिथं मापाला आई न्हाई बाप न्हाई, चाकणचा मिलिमीटर तोच हिंजवडीचा. परसाचं तसं न्हाई. ज्याचं अंग त्याचं माप, आणि तो माणूस गेला की माप बी त्याच्यासंगं चितेवर गेलं.

मग काय, जमिनींना भाव आला, आमी बी रान बिल्डरला दिलं आणि बदल्यात ह्या इमारतीत फ्लॅट घेतले. विहीर बुजवायची ठरली. इंजिनिअर पोरगा लातूरकडचा, गुणी, पण उंचीनं आखूड. मला म्हणला, काका, कितीक खोल हाय हो ही? आत गाळ, पाणी, गावाचा कचरा, टेप कुठं टेकवणार? कट्ट्यावरचे म्हातारे म्हणले, सात परस. परस म्हंजे किती? कुणीतरी मधेच बोललं, एक पुरुषभर. झालं, त्या लेकरानं स्वतःच्याच उंचीला सातानं गुणलं!

मी म्हणलं, सर, हात वर धरायचे असतात, आणि हात बी तुमचे न्हवं, माझ्या आज्ज्याचे. केवढे होते आजोबा? सगळे माझ्याकडं बघाय लागले. खरं सांगायची तेवढी एक वेळ होती बघा. पण जीभ मेली ऐकतीय व्हय, म्हणलं, उभ्या उभ्या आढ्याला हात लावायचा. मागनं एकजण वराडला, अण्णा, त्या शेळ्यांचं सांग की सरांना! आणि जो हशा पिकला म्हणता. माझा पोरगा दत्ता बी हसला. मला म्हणला, अण्णा, तुमच्या आज्ज्याच्या मापानं मोजली तर विहीर पाताळात निघंल.

विहिरीत आधी काठावरचा उंबर मुळासकट ढकलला, आडवा. त्यावर गोठ्याचे वासे, मग पाडलेल्या घरांची जोती, मग मुरुम. आणि ऐका ताई, त्या आखूड हिशेबानं जेवढे डंपर सांगितले होते ना, तेवढे बी लागले न्हाईत. आधीच तोंड भरलं. बिल्डर खूश, पेढे वाटले. मी दत्ताला म्हणलं, अरे लेका, पोट भरायच्या आधी तोंड भरलं तर त्याला जेवण झालं म्हणत न्हाईत, घास नरड्यात अडकला म्हणतात. तो म्हणला, अण्णा, मला हिंजवडीची ट्रिप हाय. कॅब घेऊन गेला.

इमारतीचे खांब बाजूला उभे राहिले आणि विहिरीच्या तोंडावर पार्किंगचा कोबा आला. ही आपली खुर्ची हाय ना, इथंच.

पहिल्यांदा चीर पडली ती जवाएवढी. सूनबाई म्हणली, कोब्याला पडतातच. सोसायटीनं सिमेंट भरलं. पावसाळा सरला तर शेजारी दुसरी, बोटभर. मी त्यात एक सुपारी टाकली आणि कान लावला. काही आवाज न्हाई. दत्ताला बोलावलं, तर म्हणतो, अण्णा, तुम्हाला टीव्ही ऐकू येत न्हाई, सुपारी काय ऐकताय. पुन्हा सिमेंट. आता बघा, ही तिसरी, चार बोटं आडवी जातात. घालू नका बोटं, मी सांगतोय तेवढं बास.

आज्जा खरा केवढा होता ते मी लई शोधलं. फोटो न्हाई, कपडा न्हाई, त्याला बघितलेलं माझ्याबिगर कुणी जिवंत न्हाई. आणि मी जन्मभर त्याला इतका ताणलाय की मला आठवतोय तो म्हादू की माझ्या गोष्टीतला, हेच उमगत न्हाई. त्याचं खरं माप एकाच ठिकाणी हाय, त्या दगडांवरच्या खुणांत, आणि त्या खुणा ह्या कोब्याखाली.

माझी नात प्रांजल, दत्ताची पोरगी. शाळेच्या व्हॉलीबॉलच्या टीममधे हाय, बापापेक्षा उंच झालीय आणि अजून वाढतीयच. सगळे म्हणतात, थेट म्हादूबाबावर गेली. ती माझ्यासारखी न्हाई, खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. मागच्या महिन्यात इथं बॉल खेळत होती. मी ओरडलो तर म्हणली, आबा, काय हाय एवढं, आणि एक खडा उचलून चिरेत टाकला. वाकून ऐकत राहिली. मग वर बघितलं तर तोंड उतरलेलं. म्हणली, आबा, लई उशिरा वाजलं. पाण्यात पडलं. मी आधी तिचे कान बघितले. लाल नव्हते.

रात्री तिनं बापाला सांगितलं. दत्ता माझ्यावरच उखडला, पोरीला बी तुमच्या नादाला लावलं म्हणून.

आठ दिवसामागं शाळेतनं आली, ह्या खांबाला पाठ लावली, टाचा जुळवल्या आणि दोन्ही हात ताठ वर केले. म्हणली, आबा, बघा ना, खूण करा, एक परस केवढा ते तरी कळंल. चिरेपासनं पावलाच्या अंतरावर उभी, बोटं वर पसरलेली. ताई, मला त्या म्होरक्याचे शब्द आठवले. म्हणलं, हात खाली घे बाळा. आधी हात खाली घे.

तवापासनं खुर्ची इथं टाकलीय. पोरं खेळाय आली की शेळ्यांची गोष्ट काढतो, तिकडं भिंतीकडं बसवून सांगतो. गाडी आली की आडवा उभा राहतो, वॉचमन म्हणतो म्हातारा सरकला. सरकला तर सरकला. आज्ज्याइतका नसंन, पण मी बी त्याच घराण्यातला, उंच हाय. अंगच मागायचं असंल तर माझं घे म्हणावं विहिरीला, पोरीकडं बघू नको.

बरं, उशीर झाला तुम्हाला. सुखी ऱ्हावा. जाताना मधनं जाऊ नका ताई, त्या कडंनं, भिंतीला धरून जा.